नितळ दिसतं, पण शुद्ध आहे का?

"आमच्या विहिरीचं पाणी कसं काचेसारखं आहे, तपासायचं कशाला?" असं आपण सहज म्हणून जातो. पण मैत्रिणींनो, जुलाब, कावीळ, विषमज्वर पसरवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, चवीलाही कळत नाहीत. ते येतात विष्ठेतून. मग ती पाण्यात मिसळते कुठे, हे शोधायचं कसं?

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी तपासणी दिली. औषधी कागदाची पट्टी असलेल्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर त्यात घाण मिसळत असल्याची दाट शक्यता! जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणीतपासणी शिकवायची, असं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण, विचारा बरं.

मात्र एका बाटलीवर थांबू नका. विहीर, टाकी आणि शेवटच्या घरचा नळ, असे तीन नमुने घ्या. तेही टीसीएल पावडर टाकण्याआधी, नाहीतर खरं चित्र झाकलं जातं. विहिरीचं पाणी चांगलं, टाकीचं चांगलं आणि नळाचं काळं? मग दोष मधल्या पाइपात. नळाला पाणी नसताना फुटक्या पाइपात गटाराचं पाणी ओढलं जातं. विहिरीचंच काळं? मग भोवती फिरून बघा. शौचालयाचा शोषखड्डा दहा मीटरच्या आत आहे का? कठड्याला तडे आहेत का? जवळ उकिरडा आहे का, जनावरं बांधतात का? आपल्या हिंगोलीकडे जमिनीखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून घाण पाणी न गाळताच खाली उतरतं. म्हणून बोअरचं पाणीही निर्धोक धरू नये.

घाण माणसाची की जनावराची, हे मोठ्या प्रयोगशाळा जंतूंच्या जनुकांवरून ओळखतात. समुद्रकिनाऱ्यांवर तसा शोध घेतात. गावात ते जमलं नाही तरी वरची पाहणी पुष्कळ सांगून जाते.

टीसीएलनं आजचं पाणी निभावतं, तडा तसाच राहतो. आरोग्य खातं पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. ग्रामसभेत विचारा, "आपलं कार्ड कुठल्या रंगाचं? आणि पाइप कधी दुरुस्त करणार?" तोवर पाणी खळखळून उकळा. लेकरांची आजारपणं शेवटी आपल्यालाच काढावी लागतात ना!