कँटरबरीतील वळू घोड्यांची फेरी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कँटरबरी प्रांतात सप्टेंबर महिना उजाडला, म्हणजे तिकडच्या वसंत ऋतूस आरंभ झाला, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तेथील वर्तमानपत्रांचे रकाने एकाच प्रकारच्या जाहिरातींनी भरून जात. ठळक टाइपात घोड्याचे नाव, त्याखाली त्याचा रंग, वय आणि चार इंचांच्या मुठीने मोजलेली उंची, पुढे पिता, मातेचा पिता, मातामहीचा पिता असा तीन-चार पिढ्यांचा कुलवृत्तान्त, प्रदर्शनांत मिळालेली पारितोषिके आणि सर्वांत शेवटी फेरीचा मार्ग व आकाराच्या, म्हणजे शुल्काच्या, अटी. या जुन्या अंकांच्या फायली मी पुष्कळ चाळल्या आहेत, आणि ज्या कार्यासाठी, म्हणजे घोडी फळवण्यासाठी, हा सारा खटाटोप होता ते कार्य पुण्याजवळच्या एका अश्वपैदास केंद्रावर उभे राहून जवळून पाहिलेही आहे. त्यावरून माझी अशी दृढ धारणा झाली आहे की, परस्परांना अनोळखी असलेल्या वसाहतवाल्यांनी एकमेकांवर विश्वास कसा टाकावा, याची एक परिपूर्ण व्यवस्था या साध्या जाहिरातींतून उभी राहिली होती.

इंग्लंडहून निघालेले वसाहतवाल्यांचे पहिले तांडे डिसेंबर 1850 मध्ये लिटलटन बंदरात उतरले. डोंगराची एक रांग ओलांडली की पलीकडे विस्तीर्ण, सपाट, वृक्षहीन मैदान पसरलेले होते, आणि त्या मैदानाने पुढील दोन-तीन दशकांत गव्हाचे कोठार होण्याची पात्रता सिद्ध केली. आरंभीची नांगरट बैलांनी केली. परंतु दोन फाळांचे लोखंडी नांगर आणि पुढे कापणी करून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली, तेव्हा त्यांना बैलांहून चपळ आणि हलक्या स्वारीच्या घोड्यांहून बलवान असे जनावर हवे झाले. ते स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या खोऱ्यात तयार होते. सोळा-सतरा मुठींचा, जवळजवळ एक टन वजनाचा, बहुधा कुमाईत रंगाचा, कित्येकदा पायांनी आणि मुखाने पंचकल्याणी, खुरांवर रेशमासारखे लांब केस रुळणारा क्लाइड्सडेल घोडा अवजड असूनही पाय झटक्याने उचलून चालतो. पण त्याला शिडाच्या जहाजातून सुमारे तीन महिन्यांचा सागरी प्रवास घडवून आणणे हे दोन-चार घोड्या बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या ऐपतीपलीकडचे होते. म्हणून ऐपत असलेल्या एकाने घोडा आणावयाचा, त्याला गावोगाव फिरवावयाचे आणि शेकडो शेतकऱ्यांनी आपापल्या घोडीपुरता त्याचा लाभ विकत घ्यावयाचा, असा परिपाठ पडला. स्कॉटलंडमध्येही अशी फेरी रूढ होतीच. वसाहतीच्या विरळ वस्तीत ती अपरिहार्य ठरली. 1911 च्या गणतीत न्यूझीलंडमधील घोड्यांची संख्या चार लाखांच्या वर गेली होती, त्यामागे ही पायपीट आहे.

कुलवृत्तान्तास इतके महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ इंग्लंडमध्ये 1791 पासूनच ग्रंथरूपाने छापली जात होती; क्लाइड्सडेल जातीची संस्था 1877 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या वंशग्रंथाचा पहिला खंड निघाला. नोंदलेल्या प्रत्येक घोड्यास क्रमांक मिळे. ‘डार्नले’ म्हणजे 222 आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणजे 673, ही दोन महान वळूंची नावे व क्रमांक जाणकार शेतकऱ्यांच्या तोंडी असत. अर्ध्या पृथ्वीपलीकडचा, कधीही न पाहिलेला घोडा त्या क्रमांकामुळे कँटरबरीतील ॲशबर्टनच्या शेतकऱ्यास परिचयाचा होई, आणि त्याचे नाव जाहिरातीत पित्याच्या जागी आहे की मातामहाच्या, यावरून आकार वाजवी की अवाजवी हे तो ठरवी.

तथापि नुसत्या कागदावर विसंबून राहणारा हा वर्ग नव्हता. हंगामाच्या तोंडावर क्राइस्टचर्चमध्ये आणि तालुक्याच्या लहान शहरांतही वळू घोड्यांची संचलने भरत. आयाळीत रंगीत फिती गुंफलेले घोडे मोतद्दार धावत धावत लोकांपुढून नेत, आणि बघे लोक नजर लावीत ती चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे. खूर रुंद आहे की नाही, खुरावरचा सांधा योग्य तिरका आहे की ताठ, खुराच्या बाजूस हाड वाढले आहे काय, धावून आल्यावर श्वासाला घरघर आहे काय, हे दोष पुढच्या पिढीत उतरतात म्हणून त्यांची तपासणी कसून होई. कागद पूर्वजांविषयी साक्ष देतो. पाय त्या घोड्याविषयी साक्ष देतात. आणि शहाणा शेतकरी दोन्ही साक्षी ऐकल्यावाचून निवाडा करीत नसे.

मग फेरी सुरू होई. सोमवारी अमुक खानावळीच्या तबेल्यात मुक्काम, मंगळवारी दुपारी अमुक नदीच्या उताराजवळ, गुरुवारी बाजाराच्या गावी, शनिवारी मालकाच्या घरी परत, असे वेळापत्रक जाहिरातीतच छापलेले असे आणि पाऊस असो वा नदीला पूर, ते पाळणे हा मोतद्दाराचा धर्म होता. पहाटे खरारा, पायांचे केस धुऊन कोरडे करणे, मोजून चंदी, मग लगामाची दोरी हाती धरून संथ चाल. कारण दमलेला वळू निरुपयोगी आणि अति माजलेला धोक्याचा. हिशेबाची वही त्याच्याच खिशात असे. कोणत्या तारखेला कोणाची, कोणत्या रंगाची घोडी दाखवली, ही नोंद चुकली तर पुढे तंट्यास कारण होई.

या वेळापत्रकामागे निसर्गाचा कायदा उभा होता. दिवस मोठे होऊ लागले म्हणजे घोडी माजावर येऊ लागते. सुमारे एकवीस दिवसांच्या चक्रात पाच ते सात दिवसच ती घोड्यास जवळ येऊ देते. व्यालेली घोडी तर आठवड्याच्या सुमारासच पुन्हा माजावर येते. म्हणून घोडा दर आठवड्यास वा पंधरवड्यास त्याच फाटकाशी येणे आवश्यक होते. घोडी फळल्यावर तीन आठवड्यांनी तिला पुन्हा घोड्यास दाखवीत. तिने कान मागे पाडून लाथ झाडली तर बहुधा ती गाभण राहिली, असा अदमास बांधीत. गर्भ अकरा महिने राहतो, म्हणजे वसंतात फळलेली घोडी पुढच्या वसंतात, कोवळे गवत उगवत असताना विते.

पुण्याजवळच्या केंद्रावर मी हेच पाहिले. शर्यतीच्या जातीत कृत्रिम रेतनास आजही मान्यता नसल्यामुळे तेथे कार्यपद्धती मुळात जुनीच आहे. छातीपर्यंत उंच अशा गादी लावलेल्या लाकडी अडसराच्या एका बाजूस घोडी आणली. दुसऱ्या बाजूस चाचणीचा घोडा, जो केवळ मन ओळखण्यासाठी ठेवलेला असतो. त्याने तिची मान हुंगली, घोडीने प्रथम किंचाळून पाय आपटला, मग हळूहळू मागचे पाय फाकवून शेपटी एका बाजूस घेतली. वयोवृद्ध मोतद्दार इतका वेळ घोड्याकडे पाहतच नव्हता. त्याची दृष्टी घोडीच्या कानांवर खिळलेली होती. त्याने मान हलवताच तिच्या शेपटीस स्वच्छ पट्टी गुंडाळली, मागचा भाग कोमट पाण्याने धुतला, मागच्या खुरांवर जाड नमद्याचे जोडे चढवले आणि एकाने वरच्या ओठास दोरीचा पीळ दिला. मुख्य वळू दोन पायांवर उभा राहत आत आला तेव्हा क्षणभर सर्वांचे प्राण कंठाशी आले. पण मोतद्दाराने आवाज चढवला नाही, दोरी ताणली नाही, केवळ एक पाऊल बाजूस सरून घोड्यास वाट दिली. काही पळांतच कार्य आटोपले. कँटरबरीतील मोतद्दारास असा बांधीव चौक नव्हता, मदतीस चार माणसे नव्हती. एखादे भक्कम फाटक आणि शेतकऱ्याचा मुलगा, एवढ्यावर त्याला हे निभावून न्यावे लागे, हे आठवले म्हणजे त्याच्या कौशल्याविषयी आदर दुणावतो.

अटींचा मजकूर मला या सर्व दप्तरातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग वाटतो. आकार गिन्यांत, म्हणजे एकवीस शिलिंगांच्या हिशेबात सांगत. मोतद्दारी म्हणून काही शिलिंग पहिल्याच वेळी रोख द्यावे लागत, बाकी रक्कम हंगाम संपल्यावर. दोन-तीन घोड्या आणणाऱ्यास सवलत. दूरच्या घोड्यांना कुरणाची सोय, काळजी पूर्ण घेतली जाईल, परंतु अपघाताची जबाबदारी घोडीच्या मालकावर. काही मालक अधिक आकार घेऊन शिंगराची हमी देत. म्हणजे घोडी गाभण राहिली तरच पैसे. हमी घ्यावी की स्वस्तात जोखीम पत्करावी, याची निवड शेतकऱ्याकडे होती, आणि फसवणुकीस जागा उरू नये म्हणून प्रत्येक अट छापील होती.

अखेर वंशावळ म्हणजे वचन. ते खरे ठरते संततीच्या द्वारे. शर्यतीच्या घोड्यांत याचे ठळक उदाहरण ‘मस्केट’ या वळूचे आहे. तो 1878 मध्ये न्यूझीलंडला आणला गेला, आणि 1885 मध्ये ऑकलंडजवळ जन्मलेल्या त्याच्या ‘कार्बाइन’ या पुत्राने 1890 ची मेलबर्न कप शर्यत दहा स्टोन पाच पौंड भार वाहून जिंकली. पुढे त्या पुत्रास पैदाशीसाठी इंग्लंडनेच विकत नेले, आणि त्याच्या ‘स्पिअरमिंट’ या मुलाने 1906 ची डर्बी जिंकली.

आपल्या मुंबई इलाख्यातही इंग्रज सरकारने जिल्ह्यांत वळू घोडे ठेवले होते. परंतु तेथे मुख्य दृष्टी लष्कराच्या गरजेवर होती आणि घोडा निवडणारा सरकारी अंमलदार होता. भीमथडीच्या तट्टांवर शतकानुशतके स्वारी केलेल्या शेतकऱ्याची स्वतःची गरज काय, हा प्रश्न दुय्यम राहिला. कँटरबरीत मात्र निवड करणारा, पैसे मोजणारा आणि परिणाम भोगणारा मनुष्य एकच होता, म्हणून तेथे जातीची सुधारणा शेतकऱ्याच्या अंगणात मुरली.

ट्रॅक्टर आले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान ही फेरी मंदावत गेली. पण तिने सोडवलेला प्रश्न आजही आपल्या दारी आहे. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांमुळे उत्तम वळू बैलाचे बीज गोठ्यापर्यंत पोहोचू लागले; दोन गाई असलेला शेतकरी आता कधीही न पाहिलेल्या वळूचे बीज क्रमांकावरून स्वीकारतो. त्या क्रमांकामागची वंशनोंद त्याला वाचता यावी, त्या वळूच्या मुलींचे दूध किती निघाले हे कळावे आणि रेतन व्यर्थ गेल्यास पुढे काय, याची अट आधीच सांगितलेली असावी, एवढा त्याचा हक्क आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका रकान्याने तो पाळला होता. आपणही तो पाळला पाहिजे.