जुना ट्रॅक्टर आणि दफ्तरांतील नांव

सुगी आटोपून हातीं चार पैसे आले म्हणजे जुना ट्रॅक्टर घेण्याचे विचार गांवोगांव सुरू होतात. नव्या यंत्राची किंमत लहान खातेदाराच्या आवांक्याबाहेरची. तेव्हां जुनें यंत्र घेण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. आमचे शेतकरी बंधु इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर चाचपतात, नांगर जोडून उचल पाहतात, आणि तें योग्यच आहे. परंतु कागदाची पाळी आली कीं स्टॅम्पपेपरावर चार ओळी, दोन साक्षीदार आणि वर पेढे, एवढ्यानें व्यवहार पुरा झाला असें समजण्यांत येतें. हा समज किती महाग पडतो तें आम्हीं जवळून पाहिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बागाइतदारांनीं आपला ट्रॅक्टर शेजारच्या तालुक्यांतील एका इसमास रोखीनें विकला. त्यानें तो वर्षभरांत तिसऱ्यास दिला, तिसऱ्यानें चौथ्यास. चौथ्याच्या हातून रस्त्यावर अपघात होऊन एक मनुष्य दगावला. विम्याची मुदत तर केव्हांच टळलेली होती. भरपाईच्या दाव्याची नोटीस आली ती आमच्या या गृहस्थांच्या दारीं. त्यांनीं पेटींतला स्टॅम्प काढून दाखविला. पण परिवहन खात्याच्या दफ्तरीं नांव त्यांचेंच होतें. तारखांना जाण्यायेण्यांत त्यांचे दोन हंगाम गेले.

जमिनीच्या व्यवहाराची संवय असल्यानें आपली येथें फसगत होते. जमिनीचें खरेदीखत नोंदलें म्हणजे हक्क जातो; फेरफार मागाहून झाला तरी चालतें. वाहनाच्या जबाबदारीपुरतें उलट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सामान्यतः ज्याच्या नांवें नोंद तोच मालक धरला आहे. एक गाडी एकामागून एक अनेक हातीं गेली असतांही भरपाईचा भार नोंदलेल्या मालकावरच पडतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. म्हणजे नांव बदलण्याची निकड घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यासही आहे, किंबहुना अधिकच.

काम तसें अवघड नाहीं. विकणाऱ्यानें नमुना २९ भरून विक्रीची खबर द्यावयाची. राज्यांतल्या राज्यांत त्यास १४ दिवसांची मुदत आहे. घेणाऱ्यानें ३० दिवसांत नमुना ३० चा अर्ज करावयाचा. हे अर्ज आतां परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनही करतां येतात. मात्र या नमुन्यांवर कोऱ्या सह्या करून ते दलालाच्या हवालीं करण्याची जी चाल पडली आहे, तिचा आम्ही निषेध करतों. तो कोरा कागद किती हात फिरेल याचा नेम नाहीं. जुन्या गाड्यांचा व्यापारी असेल तर त्याजपाशीं परिवहन खात्याचें अधिकारपत्र आहे कीं नाहीं तें पाहावें. १ एप्रिल २०२३ पासून लागूं झालेल्या नियमांप्रमाणें अशा व्यापाऱ्याच्या ताब्यांत वाहन दिल्याची रीतसर खबर केली म्हणजे तोच मालक मानला जातो.

घेणाऱ्यानें नोंदणी पुस्तक वाचावें. चेसिस व इंजिन यांचे आंकडे यंत्रावरील आंकड्यांशीं ताडून पाहावे. बँकेचा बोजा असल्यास विशेष जपावें. कर्ज फिटलें म्हणून बोजा आपोआप उतरत नाहीं. सातबाऱ्यावरून तरी तो अर्जावांचून कोठें उतरतो? बँकेचा दाखला आणि नमुना ३५ दाखल करून तो कमी करवून घ्यावा लागतो. नोंदणीचीं १५ वर्षें भरलीं असल्यास नूतनीकरण झालें आहे का, हेंही विचारावें. ट्रॉलीची नोंद निराळी असते, हें पुष्कळांच्या ध्यानींच नसतें.

कित्येक घरीं ट्रॅक्टर अद्याप वारलेल्या वडिलांच्या नांवें आहे, आणि मुलगा तो खुशाल विकावयास काढतो. त्यानें आधीं मृत्यूची खबर ३० दिवसांत देऊन, तीन महिन्यांत नमुना ३१ नें नोंद आपल्या नांवें करून घ्यावयास हवी होती. तें झाल्यावांचून घेणाऱ्यानें विसारसुद्धां देऊं नये. भावाभावांत वांकडें असेल तर मुळींच नाहीं.

विमाही विसरूं नये. तो आपल्या नांवें करण्यासाठीं १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. आमचें मत असें कीं किंमतीचा कांहीं भाग नोंद बदलेपर्यंत राखून ठेवावा, आणि तसें सौद्याच्या वेळींच उघड बोलावें. स्नेह्यांत व्यवहार असला तरी संकोच नसावा.

वर सांगितलेल्या गृहस्थांनीं गेल्या महिन्यांत आपली ट्रॉली विकली. घेणाऱ्यास बरोबर घेऊन ते स्वतः कचेरींत गेले. आणि नव्या नांवाचें पुस्तक डोळ्यांनीं पाहिल्यावरच त्यांनीं ती आपल्या खळ्यांतून हलूं दिली.