हॉस्पिटल किती पायऱ्या खाली?

वेबपानावरची माहिती यंत्रालाही कळावी म्हणून गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग हा सामाईक शब्दसंग्रह आणला. त्यातले वर्ग एकाखाली एक रचलेले आहेत. सर्वांत वर ‘थिंग’. अशा रचनेची खोली-रुंदी मोजणे सोपे वाटते. तेवढे ते सोपे नाही.

गैरसमज : ही एक वंशावळ आहे, प्रत्येक वर्गाच्या वर एकच वर्ग.

वस्तुस्थिती : ‘हॉस्पिटल’ घ्या. त्याच्या थेट वर तीन वर्ग आहेत: ‘सिव्हिक स्ट्रक्चर’, ‘मेडिकल ऑर्गनायझेशन’ आणि ‘इमर्जन्सी सर्व्हिस’. पहिला ‘प्लेस’खाली येतो, दुसरा ‘ऑर्गनायझेशन’खाली. तिसरा ‘लोकल बिझनेस’चा उपवर्ग, आणि ‘लोकल बिझनेस’ स्वतः ‘प्लेस’ही आहे नि ‘ऑर्गनायझेशन’ही. म्हणजे ‘थिंग’पासून हॉस्पिटलपर्यंत चार वाटा: दोन ३ पायऱ्यांच्या, दोन ४ पायऱ्यांच्या. मग खोली किती? जवळची वाट धरली तर ३, लांबची धरली तर ४. दोन्ही उत्तरे बरोबर. कोणती वाट धरली हे न सांगता दिलेला आकडा मात्र कुचकामी. शिवाय फांदीफांदीने मोजत गेलात, तर हे एकच हॉस्पिटल चारदा भेटते आणि वर्गांची संख्या उगाच फुगते.

गैरसमज : वर्ग जितका खोल, तितका नेमका.

वस्तुस्थिती : जनुकांच्या कार्यांची वर्गवारी करणाऱ्या जीन ऑन्टॉलॉजीत एकाच पातळीवरच्या संज्ञा सारख्याच नेमक्या नसतात. ज्या विषयात काम जास्त झाले, तिथे मधल्या पायऱ्याही जास्त. माझ्या मते खोलीवरून पुष्कळदा विषयापेक्षा अभ्यासकांचा कलच जास्त कळतो.

गैरसमज : सरासरी काढली की आकार समजला.

वस्तुस्थिती : क्रीटमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुरेसे वर्ग असलेल्या बहुतेक स्कीमांमध्ये, म्हणजे अशा वर्गरचनांमध्ये, उलटे चित्र दिसले. मूठभर वर्गांखाली मोठा पसारा, बाकीच्यांखाली जवळजवळ काहीच नाही. इथे सरासरी कुणाचीच नसते.

गैरसमज : फाइलमध्ये लिहिलेले दुवे मोजले की काम झाले.

वस्तुस्थिती : उपवर्गाचे नाते पुढे पुढे लागू होते. हॉस्पिटलचे लिहिलेले दुवे ३, पण अनुमानाने वरचे वर्ग ७. अशा वर्गरचना लिहिण्याची प्रमाण भाषा म्हणजे आरडीएफ स्कीमा; तिच्या नियमानुसार प्रत्येक वर्ग स्वतःचाही उपवर्ग असतो, तो धरला तर ८. आता कुणी ‘हॉस्पिटल हा प्लेसचा उपवर्ग’ असे वेगळे लिहून ठेवले, तर अर्थ तसूभरही बदलत नाही. तरी दुवे ४ होतात आणि जवळची वाट ३ वरून २ वर येते! चक्रेही आढळतात: अ हा ब-चा उपवर्ग, ब हा अ-चा. नियमाने ही चूक नव्हे, दोन्ही वर्गांचे सदस्य तेच एवढाच त्याचा अर्थ. पण लांबात लांब वाट शोधणारा प्रोग्राम तिथे गरगरत राहतो. म्हणून आधी चक्रातले वर्ग एकत्र करायचे, अनुमानाने मिळणारे जादा दुवे काढायचे, आणि मगच मोजायला बसायचे.