बॅटरीचा टेम्पो घेताय? आधी गोदाम बघा

कापडाच्या गाठी पोहोचवण्यासाठी आपले अनेक व्यापारी बंधू बॅटरीचा तीनचाकी टेम्पो घेऊ लागले आहेत. डिझेल वाचते आणि परमिटही लागत नाही. 2018 साली केंद्र सरकारने बॅटरीच्या मालवाहू गाड्यांना त्यातून सूट दिली. हिशेब फायद्याचा आहे. सांभाळण्याची रीत मात्र वेगळी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रात्री गाडी गोदामात गाठींना खेटून चार्जिंगला लावणे. लिथियम बॅटरी पेटली तर बादलीभर पाण्याने विझत नाही. विझल्यासारखी वाटली तरी काही तासांनी पुन्हा भडकू शकते. 2022 मध्ये देशात बॅटरीच्या काही स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने चाचण्या कडक केल्या. तरी कापडापुढे जोखीम कशाला? गाडी मोकळ्या जागी, अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटवर लावा. एक्स्टेंशन बोर्ड नको. उन्हात धावून आलेली बॅटरी आधी निवू द्या.

माझा टेम्पो एकदा रस्त्यात बंद पडला. ओळखीच्या गाडीवाल्याने दोर बांधून ओढत आणला. मागची चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करते, हे मला कुठे ठाऊक! कंट्रोलर जळाला, कित्येक महिन्यांची बचत एका बिलात गेली. बंद गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी: मेन स्विच बंद, चाकांना गुटके, पट्टे चॅसिसला, बॅटरीच्या पेटीला नव्हे. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी मेकॅनिकने तपासल्याशिवाय प्लगला लावू नका.