विश्लेषण : ट्रकच्या टर्बोचे ‘व्हील’ मोठे केल्याने घाटात दम वाढतो का?

माल भरलेला ट्रक कसारा किंवा खंबाटकीच्या चढाला लागला की वेग मंदावतो आणि मागे काळ्या धुराचा लोट उठतो. मग ‘टर्बोचे व्हील मोठे टाका, पिकअप वाढेल’ असा सल्ला हमखास मिळतो. समाजमाध्यमांवर चकचकीत ‘बिलेट’ व्हीलच्या चित्रफितीही फिरत असतात. गाडीचा हप्ता चालू असताना हा खर्च करावा का?

कॉम्प्रेसर व्हील नेमके काय करते?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू टर्बोच्या एका बाजूचे टर्बाइन फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमचे कॉम्प्रेसर व्हील असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनाकडे ढकलते. ट्रकच्या टर्बोत हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो.

व्हीलच्या तोंडाचा व्यास ४६ मिलिमीटरवरून ५० केला, तर हवा आत येण्याची जागा सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. जाहिरातीत एवढेच सांगितले जाते. पण संपूर्ण व्हील त्याच प्रमाणात मोठे केले, तर त्याचे जडत्व जवळपास दीडपट होते. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बो उशिरा जागा होतो.

हा सल्ला आला कुठून?

मुख्यतः अमेरिकेतून. तिथे १९९९ ते २००३ दरम्यानच्या फोर्ड सुपर ड्युटी पिकअपमध्ये ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ डिझेल इंजिन येई. त्यातील अनेक गाड्यांच्या टर्बोला ‘सर्ज’चा त्रास होता. हवेचा दाब जास्त आणि प्रवाह कमी असला, की दाबलेली हवा व्हीलवरून उलटी मागे येते, फडफडल्यासारखा आवाज होतो आणि शाफ्टच्या बेअरिंगवर धक्के बसतात. मालकांनी पात्यांची रचना वेगळी असलेले व्हील बसवले आणि अनेकांचा हा त्रास थांबला. तिथे ठरावीक दोषावर ठरावीक उपाय होता. त्याची कीर्ती मात्र ‘व्हील बदला, ताकद वाढवा’ एवढ्यावरच पसरली.

मग आपल्या घाटात काय होते?

चढावर इंजिनाचे फेरे कमी आणि भार पूर्ण असतो. इंजिन हवा कमी ओढते, दाब मात्र भरपूर हवा असतो. सर्जला पोषक अशी ही स्थिती. त्यामुळे निव्वळ आकाराने मोठे व्हील सपाट रस्त्यावर, जास्त फेऱ्यांवर कदाचित बरे वाटेल. जिथे गरज आहे त्या चढावर ते अडखळण्याचीच शक्यता अधिक. शिवाय डिझेल इंजिनात नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही, डिझेलही वाढावे लागते. ते वाढवले की एग्झॉस्टचे तापमान चढते आणि पिस्टन, हेड गॅस्केटवरचा ताण वाढतो.

चांगल्या रचनेच्या व्हीलचा खरा फायदा वेगळा आहे. बाहेर ३५ अंश तापमान असताना हवा अडीचपट दाबली, तर ७२ टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती सुमारे १६० अंशांवर बाहेर पडते. कार्यक्षमता ७८ टक्के असेल तर साधारण दहा अंश कमी. फायदा आहे, पण पुढे इंटरकूलर ही हवा थंड करतोच. मालवाहतुकीच्या गाडीत एवढ्यासाठी पैसे घालणे मला तरी पटत नाही.

आधी काय तपासावे?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. हवा कमी पडण्याची कारणे बहुतेक वेळा साधी निघतात : तुंबलेला एअर फिल्टर, चिरलेला होज पाइप, सैल क्लिप, फुटका इंटरकूलर, अर्धवट बंद अडकलेला एग्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप, उघडा राहणारा वेस्टगेट. खराब इंजेक्टरनेही तसाच धूर येतो. मॅनिफोल्डला बूस्ट गेज जोडून, भरलेल्या गाडीने चढावर किती दाब मिळतो ते पाहावे आणि कंपनीच्या आकड्याशी ताडावे. दाब बरोबर असेल, तर व्हीलला दोष देण्यात अर्थ नाही.

टर्बोच खराब झाला असेल तर?

धुळीने पाती झिजली असतील तर व्हील किंवा संपूर्ण कोअर बदलावा, पण मूळ मापाचाच. शाफ्ट आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे. पुढे-मागे हालचाल हाताला स्पष्ट जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग गेले असे समजावे. नवे व्हील बसवल्यावर मशीनवर बॅलन्सिंग करून घ्यावेच. एवढ्या वेगात फुटलेल्या पात्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये अडकतात, तिथून सुटलेले इंजिनात जातात आणि टर्बोचे बिल इंजिनाच्या बिलापर्यंत पोहोचते.

कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत डिझेल, हवा आणि धुराची शुद्धी यांचे गणित ईसीयू सांभाळतो. तिथे वेगळे व्हील बसवले तर फॉल्ट कोड येऊन इंजिनाची ताकद उलट कमी केली जाऊ शकते. वॉरंटीही धोक्यात येते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीत वरील सर्व तपासण्या करूनही सर्जचा आवाज येत असेल, तरच व्हीलचा विषय काढावा. तेव्हाही दुकानदाराकडे त्या व्हीलचा ‘कॉम्प्रेसर मॅप’ मागावा. कोणत्या प्रवाहाला सर्ज सुरू होतो ते त्या आलेखावर दिसते. तो दाखवता येत नसेल, तर जुनेच व्हील साफ करून परत बसवायला सांगावे.