आपल्या बाजारपेठेचा रस्ता कोणाच्या खात्यावर?

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ कापड व्यापारी गोदामाकडे जाणाऱ्या रस्त्याचे निवेदन घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. पावसाळ्यात टेम्पो खड्ड्यात अडकून कोऱ्या कापडाचे तागे भिजत होते. साहेब निवेदन वाचून म्हणाले, "हा रस्ता आमच्याकडे नाही." दोन वर्षे आम्ही भलतेच दार ठोठावत होतो! तेव्हापासून मी अर्थसंकल्पाच्या बातम्या खतावणीसारख्या वाचू लागलो.

राज्य सरकारचा वाहतुकीचा पैसा एका थैलीत नसतो. रस्ते व पूल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, एस.टी. परिवहनाकडे, तर मेट्रो व शहरे नगरविकास विभागाकडे असतात. रस्त्यांच्या पैशाचीही दोन लेखाशीर्षे आहेत. '5054' म्हणजे भांडवली खर्च, त्यात नवा रस्ता, नवा पूल, रुंदीकरण येते. '3054' म्हणजे महसुली खर्च, अर्थात देखभाल-दुरुस्ती. नवा माग घेणे वेगळे आणि चालू मागाला तेल घालणे वेगळे. नव्या मागाला हार घातला जातो, तेलाला कोणी घालत नाही. म्हणूनच दुरुस्ती मागे पडते.

मोठ्या प्रकल्पांचा हिशेब आणखी निराळा आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुमारे 55 हजार कोटी रुपयांचा. तो 5 जून 2025 रोजी भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. तो रस्ते विकास महामंडळाने मुख्यतः कर्ज काढून बांधला व ते टोलमधून फेडायचे आहे. गल्लीतल्या रस्त्यावर टोल नसतो, म्हणून तसे कर्जही मिळत नाही. नागपूरचा माल आमण्यापर्यंत झपाट्याने येईल, पण पुढे गोदामापर्यंतचा रस्ता धड नसेल तर वाचलेला वेळ तिथेच जाईल.

मग आपला रस्ता कोणाचा? राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. त्यांना जिल्हा वार्षिक योजनेतूनही पैसा मिळतो आणि ती योजना पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती ठरवते. शहरातील गल्लीबोळ नगरपालिका वा महानगरपालिकेचे. 1 जुलै 2017 रोजी जी.एस.टी. आल्यावर जकात आणि एल.बी.टी. संपली व महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. म्हणजे जो कर पूर्वी आपण थेट पालिकेला देत होतो, त्याचा मोबदला आता मुंबईहून येतो.

व्यापारी बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात. रस्त्याचा दर्जा व मालक लेखी विचारून घ्यावा. मागणी नव्या कामाची की दुरुस्तीची, हे स्पष्ट लिहावे. आणि मार्चच्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता आधीच्या हिवाळ्यातच निवेदन आमदार-नगरसेवकांच्या हाती द्यावे. मार्च हुकला तर पुरवणी मागण्यांवर नजर ठेवावी.

उधारी वसूल करताना आपण आधी पाहतो की नाव कोणाच्या खात्यावर आहे. हक्काच्या रस्त्याचेही तसेच आहे.