कळविण्यात येते की…

आमच्या सोसायटीच्या जिन्यात उन्हाळा लागला की एक कागद हमखास चिकटतो : ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या पाणी येणार नाही.’ कोण कळवतं, याचा पत्ता नसतो. ‘कळणे’ला ‘व’ लागला, की ते दुसऱ्याच्या डोक्यात घालणं झालं. त्यापुढे ‘येते’ आलं, की घालणारा पसार. यातल्या पहिल्या युक्तीला व्याकरणात प्रयोजक म्हणतात. माझ्या मते हुकमाचं खरं व्याकरण आज्ञार्थात नसतं, या प्रयोजकात असतं.

या कागदाचा एक पूर्वज आमच्या नागपुरातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा पुढे इथल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, आली. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. चिकंबरी या ठिकाणी प्राण्यांना पकडायला आणि मारायला त्यात बंदी घातली आहे. दुसरा संस्कृत, वाकाटक राजा पहिल्या रुद्रसेनाचा, त्याच्या धर्मस्थानाविषयीचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हे लेख वाचून त्यांचा अर्थ लावला. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ साली निघाला. चिकंबरी म्हणजे देवटेकजवळचं चिकमारा, ही ओळखही त्यांचीच.

जुन्या लेखाचं क्रियापद सुरुवातीलाच येतं : ‘अंञपयति’. संस्कृतात ‘आज्ञापयति’. हा शब्द सोलून पाहावा. मुळात ‘ज्ञा’, जाणणे. पुढे ‘आ’, मागे ‘पय’. जाणायला लावतो, म्हणून हुकूम सोडतो. हा ‘पय’ संस्कृतात प्रामुख्याने आकारान्त धातूंना लागे : स्थापयति, दापयति. प्राकृताने तो सरसकट कुणालाही लावला. गिरनारच्या पहिल्या लेखात अशोक ही धर्मलिपी ‘लिहिली’ म्हणत नाही. ‘लेखापिता’ म्हणतो, लिहवली. छिन्नी दुसऱ्याच्या हातात, नाव राजाचं. पुढे ‘प’चा ‘व’ झाला आणि श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत ‘करवियलें’ आलं. जिन्यातल्या ‘कळविण्यात’मधला ‘व’ तोच. आणि आपण शपथ म्हणून घालतो ती ‘आण’ही त्याच ‘आज्ञे’ची लेक.

हेच ‘करायला लावणं’ दुसऱ्या एका भाषेत कसं घडलं, ते पाहायला आता थोडं नाईलकाठी. प्राचीन इजिप्तच्या भाषेत ‘देणे’साठी ‘रेदी’ किंवा नुसतं ‘दी’ असं क्रियापद होतं. स्वर लिहायची तिथे पद्धत नव्हती, त्यामुळे हा उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला. लिहिताना एक टोकदार पाव काढत. कधी तोच पाव हातावर ठेवलेला. देणं म्हणजे भाकर देणं, चित्रच तसं! रूपांच्या बाबतीत मात्र हे क्रियापद भलतंच लहरी. काही रूपांत ‘र’ असतो, काहींत गळतो आणि ‘दे!’ म्हणायची वेळ आली की दोन्ही सोडून ‘इमी’ असा निराळाच शब्द पुढे येतो. आपल्या ‘जा’चं ‘गेला’ होतं, त्यातलाच प्रकार.

मौज पुढे आहे. जुन्या इजिप्शियनमध्ये प्रयोजकासाठी धातूच्या आधी ‘स’ लावत : ‘अंख’ म्हणजे जगणे, ‘सअंख’ म्हणजे जगवणे. हळूहळू हा ‘स’ थकला आणि त्याचं काम ‘दी’ने उचललं. ‘तो जगेल असं देणे’, म्हणजे त्याला जगवणे. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ‘राहू दे ना बे’ म्हणताना नागपूरकर तरी कुणाला काय देत असतो? आपलं ‘देणे’ परवानगीपाशी थांबलं. त्यांचं करायला लावण्यापर्यंत गेलं. त्याच भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक. तिथे या ‘दी’ची झीज होत होत काही क्रियापदांच्या तोंडाशी एक ‘त’ तेवढा उरला : ‘ओन्ह’ जगणे, ‘तानहो’ जगवणे. आणि ‘एइमे’ म्हणजे कळणे, ‘तामो’ म्हणजे कळवणे. देवटेकचा ‘पय’ शब्दाच्या शेपटाला, कॉप्टिकचा ‘त’ तोंडाला; काम एकच.

इजिप्तच्या थडग्यांवरच्या लेखांत मात्र ‘दी’ आपल्या मूळ अर्थाने भेटतो. ‘हेतेप दी नेसू’, राजा देतो तो नैवेद्य. वाचायचं याच क्रमाने, पण लिहिताना राजाचं चिन्ह आधी काढायचं, मानापोटी. मेलेल्याच्या पुढ्यातली भाकरसुद्धा राजाच्या नावाने.

आपले वाकाटक दानातही काटेकोर होते. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मकच्या ताम्रपटात ८,००० ‘भूमी’ मापाची जमीन १,००० ब्राह्मणांना दिली आहे. पण दान सांगितल्यावर अधिकारी, शिपाई यांना उद्देशून एक शब्द येतो : ‘आज्ञापयितव्याः’. यांना आज्ञा दिली जावी. कुणी द्यावी, हे त्या शब्दात नाही. देवटेकच्या ‘अंञपयति’ला निदान कर्ता होता; इथे तोही क्रियापदातून उठून गेला. ‘कळविण्यात येते’ची वाट मला इथेच सुरू झालेली दिसते.

देवटेकचा कर्ता तरी कोण? लेखात चौदावं वर्ष आहे, राजाचं नाव नाही. लिपी आणि मजकूर पाहून मिराशींनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा, म्हणजे धर्माधिकाऱ्याचा, ठरवला. दगड एवढंच म्हणतो : ‘सामि अंञपयति’. स्वामी कळवतात.